शुभवर्तमानांचा क्रम : आधी मार्क की आधी मत्तय?

बायबलच्या नव्या करारात मत्तय, मार्क, लूक, योहान अशा क्रमाने चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची वृत्तं, छापलेली असतात, पण लिहिली गेली ती याच क्रमाने का, यावर अभ्यासकांमध्ये दोन-अडीचशे वर्षं जुंपलेली आहे. योहान बहुतेकांच्या मते सगळ्यात शेवटचा, त्यामुळे त्याच्यावरून फारसा वाद नाही. भांडण पहिल्या तिघांवरून, कारण गोष्टी त्याच, क्रम बराचसा तोच आणि कित्येक ठिकाणी ग्रीक वाक्यंही जवळपास सेम, म्हणजे कुणीतरी कुणाचं तरी समोर ठेवून लिहिलंय हे उघडच आहे.

ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने इ.स. 400 च्या सुमाराला मत्तयाला पहिला नंबर दिला आणि मार्कला त्याचा संक्षेप करणारा ठरवलं. 18व्या शतकाच्या शेवटी जर्मन अभ्यासक ग्रीसबाख म्हणाला की मार्क तिसरा, त्याने मत्तय आणि लूक दोन्ही वापरले. पण संक्षेपच करायचा होता तर मत्तयातलं येशूचं प्रसिद्ध डोंगरावरचं प्रवचन अख्खं गाळून बाकीचे प्रसंग मत्तयापेक्षा ऐसपैस का सांगत बसला, हे काही पटत नाही.

आज बहुसंख्य अभ्यासक मार्कलाच पहिला मानतात, साधारण इ.स. 70 च्या आसपासचा. एक पुरावा तर कुणीही बायबल उघडून बघू शकतो. मार्कच्या 6व्या अध्यायात गालीलचा शासक हेरोद हा 'राजा' आहे, मत्तय 14व्या अध्यायाच्या सुरुवातीला ते सुधारून त्याला बरोब्बर 'मांडलिक' म्हणतो, पण थोडं पुढे गेल्यावर लक्ष उडतं आणि हेरोद परत राजा होतो! शिवाय मत्तयाच्या हेरोदाला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला (हा शुभवर्तमानवाला योहान नव्हे) मारायचंच असतं, तरी योहानाचं शिर मागितल्यावर त्याला वाईट वाटतं. ते वाईट वाटणं मार्कमध्ये शोभतं, तिथे तो योहानाला मानत असतो. म्हणजे मत्तय मार्कवरूनच लिहीत होता.

मग मार्कमध्ये नसलेली पण मत्तय आणि लूक दोघांकडे असलेली वचनं कुठून आली? 1838 मध्ये जर्मन अभ्यासक वाइसेने हरवलेल्या वचनसंग्रहाची कल्पना मांडली, त्यालाच पुढे 'क्यू' म्हणायला लागले. त्याचं एकही पान आजवर सापडलेलं नाही, म्हणून 1955 मध्ये इंग्रज अभ्यासक फॅररने सरळ सांगितलं की क्यू सोडा, लूकने मत्तय वाचला होता. याला आधार देणारी एक जागा म्हणजे, येशूला मारताना 'तुला कोणी मारलं?' हा प्रश्न मत्तय आणि लूक दोघांत शब्दशः आहे, मार्कमध्ये नाही. क्यू मानणारा इंग्रज अभ्यासक स्ट्रीटर यावर म्हणतो की मत्तयात तो नंतर कुणी नकलकाराने घुसवला असणार, पण असं दाखवणारं हस्तलिखित काही हाताशी नाही.