एपीओई जनुक आणि अल्झायमर

एपीओई हे १९व्या गुणसूत्रावरील जनुक. उतारवयात होणाऱ्या अल्झायमरचा धोका याच्याइतका वाढवणारे दुसरे सर्रास आढळणारे जनुक माहीत नाही. त्यापासून तयार होणारे अपोलिपोप्रोटीन-ई हे प्रथिन शरीरात आणि मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करते. अल्झायमरशी असलेला त्याचा संबंध १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातील ॲलन रोझेस यांच्या गटाने दाखवला.

या जनुकाचे ई२, ई३ आणि ई४ असे तीन प्रकार आहेत. २९९ अमिनो आम्लांच्या साखळीत त्यांचा फरक फक्त ११२ आणि १५८ या दोन जागी असतो. ई४ मध्ये दोन्हीकडे अर्जिनिन, ई२ मध्ये दोन्हीकडे सिस्टीन. सर्वाधिक आढळणाऱ्या ई३ मध्ये आधी सिस्टीन, मग अर्जिनिन. ई४ असलेल्यांच्या मेंदूत अमिलॉइडचा, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचा, निचरा नीट होत नाही. ई२ काहीसे संरक्षण देतो.

प्रत्येकाला या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. युरोपीय वंशाच्या लोकांत ई४ची एक प्रत धोका साधारण तिप्पट करते, दोन प्रती आठ ते बारा पट. हे आकडे जगभर जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. नायजेरियातील योरुबा लोकांत ई४चा परिणाम बराच क्षीण दिसला. हरियाणातील बल्लभगडमध्ये ई४चे प्रमाणच अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा कमी निघाले. आजाराशी त्याचे नाते मात्र तिथेही होते. शिवाय ई४ असूनही अनेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि नसलेल्यांनाही होतो. ‘आईला होता, म्हणजे मलाही होणारच’ असे धरून बसलेल्या मुलामुलींना हे स्पष्ट सांगायला हवे.

एपीपी, प्रिसेनिलिन-१ आणि प्रिसेनिलिन-२ या इतर तीन जनुकांतील उत्परिवर्तनांची गोष्ट वेगळी. ती विरळा असतात, पण वारशाने आली तर ऐन उमेदीत आजार जवळजवळ अटळ. कोलंबियातील अँटिओकिया प्रांतात अशी मोठी कुटुंबे आहेत. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी त्यांचा अनेक दशके अभ्यास केला. तिथे स्मरणशक्ती चाळिशीतच ढासळू लागते. त्यांतल्या एका स्त्रीची स्मृती मात्र सत्तरीपर्यंत टिकली. तिच्या एपीओईच्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ बदल होता, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूत अमिलॉइड भरपूर, पण टाऊ प्रथिनाच्या गाठी तुलनेने कमी. ई४मुळे बदनाम झालेल्या जनुकातच हे कवच सापडावे, हे विलक्षण आहे.

चाचणी सोपी आहे. निकाल पचवणे नाही. डीएनएच्या रचनेच्या शोधातील एक शास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये आपला जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय माहिती, खुला केला, पण एपीओईचा भाग वगळायला सांगितला. अल्झायमरवरील लेकानेमॅब हे औषध सुरू करण्यापूर्वी मात्र ही चाचणी सुचवली जाते, कारण ई४च्या दोन प्रती असलेल्यांत त्याने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची शक्यता अधिक असते.