संगीत व मनोरंजन व्यवसायातील विद्यार्थी-इंटर्नशिप (अमेरिका)

महाविद्यालयात शिकत असतानाच रेकॉर्ड कंपनी, गीतप्रकाशन संस्था, ध्वनिमुद्रण स्टुडिओ, कलाकारांचे व्यवस्थापन पाहणारी कचेरी, चित्रपटनिर्मिती संस्था किंवा दूरचित्रवाणी वाहिनी अशा ठिकाणी ठरावीक मुदतीसाठी केलेली उमेदवारी. मुदत बहुधा एका सत्राची किंवा उन्हाळी सुट्टीची असते. मोबदला तासावर मिळतो, ठोक मानधन म्हणून मिळतो किंवा पैशांऐवजी फक्त श्रेयांक (पदवीसाठी धरले जाणारे क्रेडिट) मिळतात. सगळा वाद या शेवटच्या प्रकारावर आहे. श्रेयांक कंपनी देत नाही, महाविद्यालय देते आणि त्याची फी घेते. म्हणजे कंपनीत फुकट राबायचे आणि त्यासाठी महाविद्यालयात पैसेही भरायचे, असा हा व्यवहार होतो.

या व्यवसायात शिरण्याची जुनी वाट महाविद्यालयातून जात नसे. कलाकारांना कामे मिळवून देणाऱ्या, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या विल्यम मॉरिस एजन्सीत नवख्याला आधी टपालखोलीत बसवत. पत्रे वाटत मजल्यामजल्यांवर हिंडणाऱ्या पोऱ्याला कोणाचा करार कुठे अडला आहे आणि कोणाचे कोणाशी पटत नाही, हे न विचारता कळे. डेव्हिड गेफन १९६४ मध्ये इथेच लागला. आपण यूसीएलएचे पदवीधर आहोत अशी थाप त्याने अर्जात मारली होती. एजन्सी विद्यापीठाकडून खात्री करून घेते हे कळल्यावर तो रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन टपाल चाळू लागला आणि विद्यापीठाचे पत्र हाती लागताच त्याने ते बदलून टाकले. हा किस्सा पुढे त्याने स्वतःच उघडपणे सांगितला. कामाला पदवीची गरज नव्हती, पण ती असल्याचे दाखवावे मात्र लागत होते. याच गेफनने नंतर असायलम आणि गेफन रेकॉर्ड्स या कंपन्या काढल्या.

१९६० आणि १९७० च्या दशकांत संगीत व्यवसाय हा शिकवण्याचा विषय झाला. मायामी विद्यापीठ, नॅशव्हिलचे बेलमाँट, मर्फ्रीसबरोचे मिडल टेनेसी स्टेट अशा ठिकाणी टप्प्याटप्प्याने त्याचे अभ्यासक्रम उभे राहिले. न्यूयॉर्क विद्यापीठाची क्लाइव्ह डेव्हिस संस्था बरीच नंतरची, २००३ ची. प्रताधिकार कायदा आणि हिशेब वर्गात शिकवता येतात. कोणत्या फोनला लगेच उत्तर द्यायचे आणि कोणता दुपारपर्यंत लांबवायचा, हे मात्र कचेरीतच कळते. म्हणून इंटर्नशिप अभ्यासक्रमात आली आणि हळूहळू टपालखोलीची जागा तिने घेतली.

नॅशव्हिल

या पद्धतीचे सर्वांत ठसठशीत रूप टेनेसी राज्यातील नॅशव्हिलमध्ये दिसते. त्यामागचे मोठे कारण साधे, भौगोलिक आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यात ओवेन आणि हॅरॉल्ड ब्रॅडली या भावांनी सोळाव्या अव्हेन्यूवर स्टुडिओ थाटला. १९५७ मध्ये आरसीए कंपनीचा स्टुडिओ बी सुरू झाला. मग आजूबाजूच्या जुन्या घरांमध्ये प्रकाशक, व्यवस्थापक, वकील आणि रेकॉर्ड कंपन्यांनी बस्तान बसवले. सोळाव्या-सतराव्या अव्हेन्यूच्या या पट्ट्याला म्युझिक रो म्हणतात आणि बेलमाँट विद्यापीठाचा परिसर त्याच्या दक्षिण टोकाला लागूनच आहे. सकाळचा तास संपवून विद्यार्थी पायी कामावर जाऊ शकतो. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसमध्ये याच कामासाठी महागडी खोली आणि लांबचा प्रवास परवडावा लागतो.

बेलमाँटच्या मनोरंजन व संगीत व्यवसाय महाविद्यालयाला निर्माते माइक कर्ब यांचे नाव आहे. सतराव्या अव्हेन्यूवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतला ओशन वे स्टुडिओ विद्यापीठाने २००१ मध्ये घेतला. व्यावसायिक ध्वनिमुद्रणही तिथे चालते आणि विद्यार्थीही तिथे शिकतात.

गायिका ट्रिशा यिअरवूड बेलमाँटचीच. एमटीएम रेकॉर्ड्समध्ये तिने इंटर्नशिप केली, पदवीनंतर तिथेच नोकरीला लागली आणि फावल्या वेळात इतर गीतकारांच्या गाण्यांचे डेमो गाऊ लागली. १९९१ मध्ये तिचा पहिला अल्बम आला. गायक ब्रॅड पेस्लीने अ‍ॅस्कॅप ही स्वामित्वशुल्क गोळा करणारी संस्था, अटलांटिक रेकॉर्ड्स आणि एक व्यवस्थापन कंपनी अशा तीन ठिकाणी उमेदवारी केली. पुढे त्याचे अल्बम करणारा निर्माता फ्रँक रॉजर्स त्याला बेलमाँटमध्येच भेटला. दोघांच्या बाबतीत त्या कचेऱ्यांनी काय शिकवले यापेक्षा त्या काळात कोण भेटले, हे निर्णायक ठरले. इंटर्नशिपची खरी किंमत ओळखीत आहे, ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत कधी इतक्या सरळ लिहिलेली नसते.

नॅशव्हिलबाहेरचे सर्वांत गाजलेले उदाहरण रॅपर आणि निर्माता शॉन कोम्ब्सचे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकत असताना, १९९० च्या सुमारास, तो न्यूयॉर्कच्या अपटाउन रेकॉर्ड्समध्ये आंद्रे हॅरेल यांच्या हाताखाली इंटर्न होता आणि त्यासाठी दोन शहरांमध्ये आगगाडीने ये-जा करी. पदवी अर्धवट सोडून तो तिथेच नवे गायक हेरण्याच्या विभागात शिरला आणि १९९३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. इंटर्नपासून मालकापर्यंतची ही चढण वर्षानुवर्षे होतकरू मुलांना ऐकवली गेली. २०२५ मध्ये फौजदारी खटल्यात तो दोषी ठरल्यावर ती ऐकवणे अवघड झाले.

कामाचे स्वरूप

कॉफी आणणे, जेवणाची ऑर्डर घेणे, झेरॉक्स काढणे ही कामे थट्टेचा विषय आहेत आणि ती खरोखरच करावी लागतात. तरी त्यापलीकडचे काम विभागागणिक बदलते. प्रसिद्धी विभागातला इंटर्न कात्रणे आणि दुवे जमवतो. दौरे आखणाऱ्या कचेरीत सभागृहांचे तांत्रिक तपशील आणि हॉटेलांची आरक्षणे पाहावी लागतात. नवे कलाकार शोधणाऱ्या विभागात ढिगाने येणारी गाणी ऐकून चाळणी लावायची असते.

स्टुडिओत पहिली परीक्षा केबल गुंडाळण्याची. केबल कोपराभोवती गुंडाळली की आतल्या तारांना पीळ बसतो आणि काही महिन्यांत ती खरखरू लागते. म्हणून एक वेढा सरळ आणि पुढचा उलटा असे आळीपाळीने घालतात. अशी केबल टोक धरून फेकली तर गाठ न पडता सरळ उलगडते. ध्वनिमुद्रक काही बोलत नाही, पण नवा मुलगा केबल कशी गुंडाळतो याकडे त्याचे लक्ष असते. मायक्रोफोनला हात लावायची वेळ त्यानंतर येते.

गीतप्रकाशन संस्थेतले काम त्याहून रूक्ष दिसते, पण पैसा तिथेच आहे. एक गाणे तिघांनी लिहिले असेल तर प्रत्येकाचा वाटा किती, प्रत्येकाचा प्रकाशक कोण आणि गीतकार अ‍ॅस्कॅप, बीएमआय की सेसॅक यांपैकी कोणत्या स्वामित्वशुल्क संस्थेचा सभासद आहे, हे एका कागदावर उतरवायचे असते. वाट्यांची बेरीज १०० टक्केच झाली पाहिजे. गीतकाराच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले किंवा ओळख क्रमांक राहून गेला, तर गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन सेवेकडून आलेला पैसा कोणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरत नाही आणि तो पडून राहतो. ही रक्कम किती मोठी असू शकते ते २०२१ मध्ये दिसले. २०१८ च्या संगीत आधुनिकीकरण कायद्यानुसार नॅशव्हिलमध्ये स्थापन झालेल्या मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह या स्वामित्वशुल्क वाटणाऱ्या संस्थेकडे ऑनलाइन सेवांनी धनी न सापडलेले सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर सुपूर्द केले. इंटर्नला दिलेले तक्ते तपासण्याचे कंटाळवाणे काम हे या गोंधळाच्या मुळाशीच असते, आणि ते नीट जमणाऱ्याला नोकरी मिळण्याची शक्यता उत्तम कान असणाऱ्यापेक्षा जास्त असावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बिनपगारी काम आणि न्यायालये

अमेरिकेत किमान वेतनाचा पाया १९३८ चा न्याय्य श्रममान कायदा. शिकाऊ माणूस ‘कर्मचारी’ ठरतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९४७ मध्ये एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात आला. गाड्यांचे ब्रेक सांभाळायला शिकणाऱ्या उमेदवारांना जेमतेम आठवडाभराचे प्रशिक्षण असे आणि त्यातून कंपनीला तत्काळ फायदा होत नसे, म्हणून ते कर्मचारी नव्हेत, असा निकाल लागला. सात-आठ दिवसांच्या रेल्वे प्रशिक्षणासाठी दिलेला हा निकाल पुढे अख्खे सत्र बिनपगारी काम करून घेणाऱ्या कंपन्यांनी ढाल म्हणून वापरला. २०१० मध्ये श्रम खात्याने सहा कडक निकष जाहीर केले. इंटर्नच्या कामातून मालकाला तत्काळ लाभ होता कामा नये, हा त्यांतला एक. तो शब्दशः लावला असता तर बहुतेक कचेऱ्या दोषी ठरल्या असत्या.

२०११ मध्ये ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटाच्या निर्मितीत बिनपगारी काम केलेल्या दोघांनी फॉक्स सर्चलाइटवर दावा लावला. तो ग्लॅट खटला म्हणून ओळखला जातो. कागदपत्रांच्या प्रती काढणे, खरेदीच्या नोंदी ठेवणे, कचरा टाकणे, जेवणाच्या ऑर्डरी घेणे अशी कामांची यादीच निकालपत्रात आहे. जून २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांना कर्मचारी मानले. जुलै २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द करून नवी कसोटी घातली: या संबंधाचा मुख्य लाभार्थी कोण, इंटर्न की मालक? काम अभ्यासक्रमाशी किंवा श्रेयांकांशी जोडलेले आहे का, पगारी माणसाची जागा ते भरून काढते का, शिकण्यासारखे संपल्यावरही मुदत ताणली जाते का, अशा सात बाबी पाहायच्या आणि कोणतीही एक बाब एकटी निर्णायक मानायची नाही. २०१८ मध्ये श्रम खात्यानेही हीच कसोटी स्वीकारली. दरम्यान इतर कंपन्यांनी तडजोडी केल्या. एनबीसीयुनिव्हर्सलने २०१४ मध्ये ६४ लाख डॉलरवर, तर वॉर्नर म्युझिक ग्रुपने २०१५ मध्ये ४२ लाख डॉलरवर दावे मिटवले.

या खटल्यांचा परिणाम दुहेरी झाला. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या आता इंटर्नना तासावर पगार देतात. लहान प्रकाशक, व्यवस्थापक आणि स्वतंत्र स्टुडिओ मात्र ‘श्रेयांक मिळणार असतील तरच अर्ज करा’ अशी अट घालतात, कारण श्रेयांक असले की कसोटीचे पारडे त्यांच्या बाजूने झुकते. मुख्य लाभार्थी इंटर्न की मालक, असे विचारताना न्यायालयाने तिसऱ्याला मोजलेच नाही. प्रत्येक श्रेयांकामागे फी घेणारे महाविद्यालय या व्यवहारात नुकसानीत कधीच नसते. उन्हाळ्यात घरून पैसे मागवून महागड्या शहरात राहू शकणाऱ्यालाच ही वाट परवडते, आणि पुढे गाणी निवडणाऱ्या खुर्चीत कोण बसणार याची निवड काही प्रमाणात तिथेच होऊन जाते.

कर्मचारी न ठरण्याची आणखी एक किंमत होती. १९९७ मध्ये एका बिनपगारी विद्यार्थिनीने लावलेल्या लैंगिक छळाच्या दाव्यात, पगारच नसल्यामुळे नोकरीतील भेदभावाविरुद्धचा संघराज्य कायदा तिला लागू होत नाही, असे अपील न्यायालयाने ठरवले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका वाहिनीच्या इंटर्नचा दावाही अशाच कारणाने अडला. त्यानंतर २०१४ मध्ये न्यूयॉर्क शहराने आपला मानवी हक्क कायदा बदलून इंटर्नना संरक्षण दिले. ओरेगन राज्याने ते आदल्या वर्षीच दिले होते.

भारतीय विद्यार्थी आणि मुंबई

विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्याला कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी सीपीटी ही परवानगी लागते. सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यानंतरच ती मिळते आणि काम अभ्यासक्रमाचा भाग असावे लागते. त्यामुळे पुण्या-मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्याला श्रेयांकांची फी टाळणे बहुधा शक्य नसते. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त वापरली तर पदवीनंतर त्याच पातळीवर मिळणारी ओपीटीची कामाची मुभा जाते. हे ठाऊक नसल्याने फटका बसू शकतो.

मुंबईत या क्षेत्रात अजून ओळखीने ‘असिस्टंट’ लागण्याचीच पद्धत मोठी आहे. मात्र नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात चार श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग, विद्यार्थ्यांच्या भाषेत ओजेटी, आले आहे. माध्यमांचे विद्यार्थी त्यासाठी अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंचे आणि निर्मितीसंस्थांचे उंबरे झिजवतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातले विद्यावेतन अशा इंटर्नला आपोआप लागू होत नाही, त्यामुळे पैशांचे सगळे मालकाच्या मर्जीवर.

छळाविरुद्धच्या संरक्षणात मात्र भारतीय कायदा अमेरिकेच्या संघराज्य कायद्याच्या पुढे आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार येतात, मग पगार मिळो वा न मिळो. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. पाच-सहा जणांच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत ती नसते. तिथल्या विद्यार्थिनीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.