नाथांची कावड आणि चार सेकंद

अंबाजोगाईजवळच्या एका गावात सप्ताह चालू होता. बुवांनी कीर्तनात नाथांची गोष्ट घेतली होती. रामेश्वराला निघालेली गंगेची कावड, टळटळीत ऊन, वाळूत तहानेनं तडफडणारं गाढव. "नाथांनी कावड खाली ठेवली..." म्हणाले आणि बुवा थांबले. चिपळ्यांचा हात वर तसाच. मृदंगवाल्याचा डावा पंजा कणकेवर नुसता टेकलेला. कुणीतरी खोकलं, लांबून जनरेटरची घरघर येत होती. मग हळूच: "...आणि झाकण काढलं." अख्ख्या मांडवानं श्वास सोडला.

पैठणच्या नाथांची ही गोष्ट आपल्याकडं लहान लेकरांनाही ठाऊक असते. पुढं काय होणार हे माहीत असूनही छाती का धडधडते?

ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर या संशोधकानं १९६४ मध्ये एक साधा प्रयोग मांडला. आधी 'टक्' असा आवाज, जरा वेळानं दिव्याचे लखलखाट, ते दिसले की बटण दाबायचं. टक् आणि दिवा यांच्या मधल्या रिकाम्या वेळात डोक्यावर लावलेल्या तारांमधून विजेची एक संथ लाट नोंदली गेली. बाहेर काहीच घडत नव्हतं, मेंदू मात्र तयारीला लागला होता. या लाटेला त्यांनी अपेक्षेची लाट म्हटलं.

बुवांच्या गोष्टीला त्याहून जवळचा प्रयोग २०११ चा, माँट्रियलचा. लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं. प्रत्येकाला आपली जागा पाठ होती. तरीही ती जागा येण्याच्या आधीच मेंदूच्या कॉडेट नावाच्या भागात डोपामीन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवायला लागलं, आणि प्रत्यक्ष जागा आली तेव्हा ते दुसऱ्या भागात स्रवलं. म्हणजे वाट पाहण्याचा आनंद वेगळा, मिळण्याचा वेगळा. शेवट माहीत असल्यानं पहिला आनंद कमी होत नाही. फक्त तो शेवट नेमका कोणत्या क्षणी येणार हे सांगणाऱ्याच्या हातात राहिलं पाहिजे.

आणि अशी उत्सुकता ताणायला फार वेळही लागत नाही. दहा भाषांमधल्या गप्पा तपासून २००९ मध्ये असं दिसलं, की प्रश्न आणि उत्तर यांच्यात सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. त्या सवयीच्या कानाला बुवांचे चार सेकंद म्हणजे वीसपट.

मांडवात हे साधलं. मोबाईलवर नाही. माझा भाचा कीर्तन लाईव्ह दाखवत होता आणि संभाजीनगरातून मावशीचा फोन आला, "नाथांनी कावड ठेवली अन् तुमचं बंदच पडलं की रे!" भाच्यानं आवाज स्वच्छ करायची सोय चालू ठेवली होती. खोकला, कुजबुज, जनरेटर, सगळं तिनं पुसून टाकलं होतं. चित्र जवळजवळ स्थिर, आवाज शून्य. नेट गेल्यावरही असंच दिसतं. मावशीनं ती गोष्ट थांबली असं नाही, यंत्र थांबलं असं समजून घेतलं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

टेलिफोनवाल्यांनी हा धडा फार आधी घेतला. डिजिटल फोनवर समोरचा गप्प असला की बऱ्याचदा आवाज पाठवणंच थांबवतात, त्यानं जागा वाचते. पण पूर्ण शांतता कानावर पडली की माणूस "हॅलो, हॅलो" करायला लागतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये मुद्दाम हलकीशी सरसर भरतात, लाईन जिवंत आहे हे कळावं एवढ्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोबाईलवरची ती आवाज स्वच्छ करायची सोय बंद केली आणि एक माईक श्रोत्यांच्या बाजूला ठेवला. कॅमेरा बुवांच्या चेहऱ्यावरून जरा मागं घेतला. आता थांबलेल्या क्षणात पदराचा वारा घेणारी बाई दिसत होती, कुठंतरी टाळ किणकिणत होता.

लाईव्हची दुसरी अडचण उशिराची आहे, आणि ती माईकनं सुटत नाही. चित्र तुकड्यातुकड्यांनी पोचतं. ॲपलच्या पद्धतीत सहा सेकंदांचा तुकडा सुचवलेला आहे, आणि असे दोन-तीन जमल्याशिवाय मोबाईल सहसा दाखवायला सुरुवात करत नाही. त्यामुळं प्रत्येक मोबाईल वेगवेगळा मागं असतो. यात्रेतली कुस्ती बघताना शेजारच्या घरातून "चितपट!" ऐकू येतं आणि आपल्या पडद्यावर पैलवान अजून हात मिळवत असतात. याच कारणानं लाईव्हवर कोडं घालून पाच सेकंदांत उत्तर सांगणं म्हणजे बघणाऱ्यांवर अन्याय आहे. त्यांच्यापर्यंत प्रश्नच अजून पोचलेला नसतो. भारुडात सोंग कोडं घालतं तेव्हा मधे ध्रुपदाची दोन आवर्तनं घ्यावीत. मांडवातल्यांची उत्सुकता तालावर टिकते, आणि तेवढ्यात लांबच्यांची उत्तरं येऊन पडतात.

काल्याच्या दिवशी भाच्यानं बुवांना हे सगळं सांगितलं. बुवांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तिकडच्या लोकांसाठी किती वेळ धरू?" आणि मृदंगवाल्याकडं बघून दोन बोटं वर केली.