मूत्रपिंड प्रत्यारोपण, रोबोटिक

दात्याचे मूत्रपिंड रुग्णाच्या शरीरात जोडताना शल्यचिकित्सक रोबोटच्या बाहूंनी टाके घालतो, ती शस्त्रक्रिया. बोलीत ‘किडनी बदलणे’ म्हणतात, पण जुनी मूत्रपिंडे सहसा काढत नाहीत. नवे ओटीपोटात, बहुधा उजवीकडे, तिसरे म्हणून बसते. धुळे-नंदुरबारकडून उपचारांसाठी नाशिकला येणाऱ्या कुटुंबांत आणखी एक समज आढळतो, तो म्हणजे रोबोट आपला आपण ऑपरेशन करतो. वस्तुतः डॉक्टर काही फुटांवरच्या कन्सोलवर बसतो, त्रिमितीय चित्र पाहतो आणि त्याच्या बोटांची हालचाल बारीक होऊन, कंपाविना, उपकरणाच्या टोकाशी पोहोचते.

खुल्या पद्धतीत ओटीपोटावर १५ ते २० सें.मी.चा तिरका छेद लागतो. रोबोटिक पद्धतीत बाहूंसाठी साधारण ८ मि.मी.ची छिद्रे आणि मूत्रपिंड आत सोडण्यासाठी बहुधा बेंबीजवळ ५ ते ७ सें.मी.चा छेद पुरतो. आधी नीला, मग रोहिणी रुग्णाच्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि शेवटी मूत्रवाहिनी मूत्राशयाला. खरी अडचण उष्णतेची. रक्तपुरवठा सुरू होण्याआधी मूत्रपिंड पोटाच्या उबेत राहिले तर त्याच्या पेशी बिघडू लागतात. हुकमी उपाय निघाला तो अगदी साधा: मूत्रपिंड बर्फाचा चुरा भरलेल्या गॉझमध्ये गुंडाळायचे आणि भोवतीही तोच चुरा घालायचा. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे मणी मेनन आणि गुरुग्रामचे राजेश अहलावत या शल्यचिकित्सकांच्या चमूंनी २०१३ पासून हे तंत्र बसवले. त्याआधी २००२ मध्ये फ्रान्समध्ये रोबोटची मदत घेतली गेली होती, तर २००९ मध्ये शिकागोत एका स्थूल रुग्णावर पूर्ण रोबोटिक प्रत्यारोपण झाले.

स्थूल रुग्णांनाच या पद्धतीचा फायदा सर्वांत ठळक मिळतो, कारण चरबीच्या जाड थरातली मोठी जखम चिघळण्याची भीती असते. वेदनाही कमी होतात. मूत्रपिंडाचे काम मात्र दोन्ही पद्धतींत जवळपास सारखेच राहते, हे जाहिरातींत क्वचितच सांगितले जाते. उपकरणाला स्पर्शाची जाणीव बहुधा नसते, म्हणून रोहिण्यांत कॅल्शियम साचून त्या कडक झालेल्या रुग्णांत खुली शस्त्रक्रियाच बरी. खर्चही वाढतो.

तारीख ठरवून होणाऱ्या जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणाला ही पद्धत सोयीची. मेंदूमृत दात्याचे अवयव अवेळी मिळतात, आणि त्या वेळी यंत्र व प्रशिक्षित चमू दोन्ही मोकळे हवेत. अशा अवयवांच्या वाटपात नाशिक पुणे विभागीय समितीच्या कक्षेत येते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याची परवानगी दोन्ही पद्धतींना लागते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्याही, जखम मोठी असो की लहान, मूत्रपिंड चालेल तोवर घ्याव्याच लागतात.