आत्मनिवेदन

आत्मनिवेदन : नवविधा भक्तीतील नववी आणि शेवटची भक्ती. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाच्या तोंडी हा क्रम येतो. श्रवणापासून सुरू होऊन दास्य, सख्य ओलांडत तो आत्मनिवेदनाशी थांबतो. ‘निवेदन’ म्हणजे सांगणे आणि ‘निवेदन’ म्हणजे अर्पण करणेही; देवापुढे ठेवतो तो नैवेद्य त्याच धातूपासून आलेला. वेदान्ताने अर्पणावर भर दिला. मराठी संतांनी मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदवले. जात, धंदा, दुष्काळ, घरातले मृत्यू, नवऱ्याचा मार, मनातली लाज, जे जे वाट्याला आले ते सांगितले आणि तेच वाहिले.

रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातील नववा समास या भक्तीला दिला आहे. ‘भक्त म्हणिजे विभक्त नव्हे’ ही त्यातली व्याख्या. तिथली वाट तत्त्वविचाराची आहे, ‘मी कोण’ याचा शोध घेण्याची. स्वतःचे चरित्र सांगण्याची नव्हे. तरी ‘विभक्त’ हा शब्द इथे फार मोलाचा आहे. आयुष्याचा जो तुकडा आपण झाकून ठेवतो, तेवढा देवापासून वेगळाच राहतो. संतांच्या आत्मपर अभंगांत असा तुकडा सहसा शिल्लक राहत नाही.

तुकारामांचा ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाय’ हा अभंग याचा उत्तम नमुना. संतांनी विचारले म्हणून ते सांगतात; बोलू नये, पण तुमचा शब्द पाळतो, अशी सुरुवातीलाच कबुली आहे. पुढे आईबाप गेले, दुष्काळाने पैसा आटला, मान गेला, एक बायको ‘अन्न अन्न करितां मेली’. इतके थोडक्यात आणि इतके उघडे. हा दुष्काळ 1630 च्या सुमाराचा. व्यापारात तूट आली त्याची लाजही ते लपवत नाहीत. मग भंगलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले, एकादशीला कीर्तन करू लागलो, पण आधी अभ्यासात चित्त नव्हते, हेही नोंदवतात. दुसऱ्या एका अभंगात ‘बरे जाले देवा निघाले दिवाळे’ असे ते म्हणतात. आधी दुःख जसेच्या तसे सांगितले आहे म्हणूनच हे ‘बरे झाले’ खरे वाटते.

सलग आणि तपशीलवार आत्मकथन मात्र बहिणाबाईंचे (1628–1700). या शिऊरच्या संत बहिणाबाई. खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (1880–1951) वेगळ्या. वेरूळजवळच्या देवगावी जन्म, अगदी लहान वयात थोराड बिजवराशी लग्न. पुढे घर सोडावे लागले आणि पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत सारे कुटुंब कोल्हापुरात आले. तिथे एक गाय मिळाली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला, की ते पाठोपाठ फिरे, जयरामस्वामींच्या कीर्तनालाही जाई. लोकांत बोलबाला झाला, नवऱ्याच्या कानावर गेले आणि त्याने बहिणाबाईंना मारून बांधून ठेवले. गायवासराने चारापाणी टाकले. पुढे वासरू गेले, बहिणाबाई बेशुद्ध पडल्या आणि त्या अवस्थेत त्यांना तुकारामांचे दर्शन झाले.

एवढ्या मोठ्या साक्षात्काराच्या कथेत एका वासराला इतकी जागा का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्यांच्या निवेदनाचे मर्म इथेच आहे. गोठा, मार आणि गुरुकृपा या त्यांच्यासाठी तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. ‘स्त्रियेचें शरीर पराधीन देह, न चाले उपाव विरक्तीचा’ असे त्या सांगतात. संसार सोडून जायची सोय नव्हती, मग जो संसार होता तोच वाट झाला. नवरा सोडून निघाला होता, आजारी पडला, बहिणाबाईंनी शुश्रूषा केली आणि पुढे दोघे देहूला गेले. ब्राह्मण घरातल्या स्त्रीने शूद्र गुरू मानावा यावरून झालेला छळही त्यांनी लिहून ठेवला आहे. अखेरच्या काळात त्यांनी मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगितले, तो भागही अभंगबद्ध आहे. एका आयुष्याच्या कथनाने त्यांचे निवेदन पूर्ण झाले नाही.

जनाबाईंच्या ‘आई मेली बाप मेला’ या अभंगात, चोखोबांच्या ‘हीन याती माझी देवा’ या प्रश्नात हीच रीत दिसते. चोखोबांचे निवेदन गाऱ्हाणे आहे. जातीमुळे सेवा घडत नाही, हे ज्याची सेवा करायची त्यालाच ते सुनावतात. या अभंगाला नुसती शरणागती म्हणणे अपुरे ठरेल.

याच वळणाची पण ग्रंथांबाहेरची परंपरा म्हणजे जात्यावरच्या ओव्या. पहाटे दळताना बाया माहेर, सासूचे बोल, भावाची वाट आणि लेकराचे आजारपण ओवीत घालत, आणि जात्यालाच ‘ईश्वरा’ म्हणून हाक मारत. ऐकायला अनेकदा दुसरे कुणी जागे नसायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात अशा एक लाखांहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. पिठाच्या गिरण्या आल्या तसे जाते कोपऱ्यात गेले. ओव्या अजून कित्येक म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि त्या म्हणताना त्यांचा उजवा हात आपोआप खुंटा धरल्यासारखा फिरू लागतो.