यंत्रांच्या वापरपुस्तिकांचे भाषांतर (युरोपीय निर्यात)

युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या यंत्रासोबतची वापरपुस्तिका, नियंत्रण-पॅनेलवरचा मजकूर, यंत्रावर चिकटवलेल्या धोक्याच्या पट्ट्या आणि अनुरूपतेची घोषणा (यंत्र संघाच्या नियमांत बसते असे उत्पादकाचे लेखी निवेदन) ग्राहकदेशाच्या भाषेत आणण्याचे काम. भोसरी-चाकण असो की नाशिकचे सातपूर, बहुतेक निर्यातदार हे काम यंत्र पेटीत भरायची वेळ आली की हातात घेतात आणि मग आयत्या वेळी गाडी अडते. कायद्याच्या लेखी पुस्तिका हा यंत्राचाच भाग आहे. ती योग्य भाषेत नसेल तर यंत्र कितीही चोख असले तरी सीई चिन्हामागच्या, म्हणजे यंत्र युरोपीय नियमांत बसते हे सांगणाऱ्या खुणेमागच्या, अटी पुऱ्या होत नाहीत.

यंत्रांविषयीचा २००६/४२/ईसी हा निर्देश सांगतो, की सूचना ज्या देशात यंत्र बाजारात येते त्या देशाच्या अधिकृत भाषेत असाव्यात. संघाच्या अधिकृत भाषा २४ आहेत. फिनलंडला फिनिश व स्वीडिश अशा दोन भाषा लागतात. बेल्जियममध्ये यंत्र कोणत्या भागात बसणार यावर डच, फ्रेंच की जर्मन हे ठरते. उत्पादकाने स्वतः तपासून जबाबदारी घेतलेल्या आवृत्तीवर ‘मूळ सूचना’ असे छापावे लागते, तर इतर भाषांतील प्रतींवर ‘मूळ सूचनांचे भाषांतर’ असे, आणि तेही त्या त्या भाषेत. पुण्यात इंग्रजीत तयार झालेली पुस्तिका ही मूळ आवृत्ती म्हणून चालते, पण जर्मनीला जाणाऱ्या पेटीत तिच्यासोबत जर्मन भाषांतरही हवे. सगळ्याच प्रतींवर ‘मूळ’ छापून मोकळे होणे ही नेहमीची चूक आहे. उत्पादकाच्याच तंत्रज्ञांनी करायच्या देखभालीचा भाग मात्र त्या तंत्रज्ञांना कळणाऱ्या संघाच्या एकाच अधिकृत भाषेत असला तरी चालतो. ही सवलत नीट वापरली तर पानांचा मोठा गठ्ठा भाषांतरातून वाचतो.

खर्च वाढतो तो बहुधा भाषांतरकाराकडे नव्हे, मूळ मजकुरात. डिझाइन, सर्व्हिस आणि विक्री या तीन विभागांनी एकाच भागाला तीन नावे दिलेली असतात आणि ती तशीच पुस्तिकेत उतरतात. जर्मन भाषांतरकार मग तीन वेगळे भाग आहेत असे समजून तीन शब्द योजतो. त्यामुळे भाषांतराआधी संज्ञासूची पक्की करावी : भागाचे मान्य नाव, टाळायची नावे, भागाचे चित्र आणि सुट्या भागांच्या यादीतला क्रमांक. एका मध्यम यंत्राला दीड-दोनशे संज्ञा पुरतात. वाक्यरचनेसाठी विमानदेखभालीच्या क्षेत्रातून आलेले एएसडी-एसटीई१०० हे सोप्या इंग्रजीचे मानक उपयोगी पडते. त्यात कृती सांगणारे वाक्य २० शब्दांच्या आत आणि वर्णन करणारे २५ शब्दांच्या आत ठेवायचे असते. अट आधी, कृती नंतर. आकृत्यांवर शब्द न लिहिता फक्त क्रमांक टाकावेत आणि अर्थ खालच्या तक्त्यात द्यावेत. नाहीतर प्रत्येक भाषेसाठी आकृती नव्याने काढावी लागते.

भाषांतर आज साध्या वर्ड फाइलवर होत नाही. सॉफ्टवेअर मजकुराचे वाक्यागणिक तुकडे करते. त्यांना सेगमेंट म्हणतात. मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर अशी जोडी ट्रान्सलेशन मेमरीत साठते. पुढच्या मॉडेलच्या पुस्तिकेत तेच वाक्य आले तर तयार भाषांतर समोर येते. थोडा फरक असेल तर ‘फझी मॅच’ म्हणून टक्केवारीसह दिसते, आणि साधारण ७५ टक्क्यांच्या खालचे साम्य नवीन काम म्हणून मोजले जाते. एजन्सीची बिलेही साम्याच्या याच टक्केवारीवर निघतात. समजा पुस्तिका ३०,००० शब्दांची आहे आणि नव्या मॉडेलसाठी त्यातले ४,००० शब्द बदलले. मेमरी शाबूत असेल तर पूर्ण दर तेवढ्यांनाच पडतो, जुन्या वाक्यांवर तपासणीचा किरकोळ दर लागतो.

मेमरी बिघडते ती अगदी क्षुल्लक कारणांनी. ओळ सुबक दिसावी म्हणून कोणी वाक्याच्या मध्येच एंटर दाबते. त्याबरोबर एका वाक्याचे दोन सेगमेंट होतात, जुळणी तुटते आणि जर्मनमध्ये क्रियापद शेवटी न्यायला जागाच उरत नाही. काही जण मूळ फाइलऐवजी पीडीएफ पाठवतात, आणि ती पुन्हा मजकुरात आणताना तक्ते विस्कटतात. खरी मेख करारात असते. मेमरी कोणाच्या मालकीची हे लिहिलेले नसेल, तर एजन्सी बदलताना वर्षानुवर्षांचे काम तिच्याकडेच राहते. प्रत्येक कामानंतर टीएमएक्स फाइल (मेमरी साठवण्याचे खुले स्वरूप) आणि संज्ञासूची आपल्याकडे मिळावी, ही अट ऑर्डरमध्येच घालावी. देवाणघेवाणीसाठी एक्सलिफ हे खुले स्वरूप आहे. त्यात टॅग, म्हणजे ठळक अक्षरे, संदर्भ वगैरेंच्या खुणा, शाबूत राहतात.

आकड्यांच्या चुका सर्वांत महागात पडतात, कारण त्या वाचताना खटकत नाहीत. इंग्रजीत १.५०० म्हणजे दीड. जर्मनमध्ये टिंब हजाराचे असते, म्हणून तोच आकडा तिथे दीड हजार होतो. दशांशासाठी तिथे स्वल्पविराम येतो : १,५. टॉर्कच्या, म्हणजे बोल्ट आवळायच्या पिळाच्या, तक्त्यात ‘भाषांतर करू नये’ अशी खूण करून आकडे जसेच्या तसे पुढे ढकलले, तर जर्मन फिटर दीड न्यूटन-मीटरच्या जागी काय वाचेल याची कल्पना करावी. मूळ तक्त्यातच अनावश्यक शून्ये टाळावीत आणि छापण्याआधी तक्ते शब्दांपेक्षा वेगळे, फक्त आकड्यांसाठी, तपासावेत.

पॅनेलवरच्या मजकुराची अडचण जागेची. ‘रीसेट’ला इंग्रजीत पाच अक्षरे लागतात, ‘त्सुरुकझेत्सन’ या जर्मन शब्दाला बारा. बटणाची रुंदी इंग्रजीवर बेतली असेल तर शब्द कापला जातो. शिवाय प्रोग्रामर संख्या आणि नाम वेगवेगळे तुकडे जोडून वाक्य बनवतो. पोलिशमध्ये १ ला एक रूप, २ ते ४ ला दुसरे, ५ पासून तिसरे आणि २२ ला पुन्हा दुसरे, त्यामुळे जोडकाम तिथे लगेच उघडे पडते. जुन्या पॅनेलच्या फाँटमध्ये ग्रीक किंवा बल्गेरियन अक्षरे नसली की चौकोन दिसतात. भाषांतराआधीच सगळा मजकूर कृत्रिमपणे ३०-४० टक्के लांब करून व विशेष चिन्हे घालून पॅनेल चालवून पाहिले, तर हे दोष आधीच पकडता येतात.

यांत्रिक, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप केलेले, भाषांतर या क्षेत्रात रुळले आहे, पण माणसाच्या संस्करणासह. त्यासाठी आयएसओ १८५८७ हे मानक आहे. पूर्ण मानवी भाषांतराच्या आयएसओ १७१०० मध्ये दुसऱ्या व्यक्तीकडून मूळाशी ताडून पाहणे बंधनकारक आहे. यांत्रिक भाषांतर सफाईदार वाटते आणि तिथेच घात होतो : आटे पाडायचा ‘टॅप’ पाण्याचा नळ होऊन बसतो, क्वचित नकारही गळतो. धोक्याच्या सूचना म्हणूनच यांत्रिक भाषांतरावर सोडू नयेत. ‘डेंजर’, ‘वॉर्निंग’, ‘कॉशन’ हे तीन दर्जे, धोका टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा अटळ, मृत्यू किंवा गंभीर इजा शक्य आणि किरकोळ इजा शक्य असे उतरते आहेत, आणि प्रत्येक भाषेत त्यांचे प्रतिशब्द ठरलेले आहेत.

२० जानेवारी २०२७ पासून निर्देशाची जागा २०२३/१२३० हा नियम घेतो. त्यानुसार पुस्तिका डिजिटल स्वरूपात देता येते. मात्र ती कुठे मिळेल हे यंत्रावर, वेष्टनावर किंवा सोबतच्या कागदावर लिहावे लागते, ती छापता व उतरवून ठेवता यायला हवी, आणि यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर व किमान दहा वर्षे ऑनलाइन राहायला हवी. खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितल्यास कागदी प्रत महिन्याभरात फुकट द्यावी लागते. घरगुती वापराच्या यंत्रासोबत आवश्यक सुरक्षासूचना कागदावरच जातात. नावपट्टीवर क्यूआर कोड लावणे सोपे आहे. दहा वर्षे तो चालू ठेवणे कठीण. वेबसाइट नव्याने बांधली की जुने पत्ते मोडतात, आणि नवी आवृत्ती जुन्या फाइलवर चढवली की जुन्या फर्मवेअरच्या (यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) यंत्राला चुकीची पुस्तिका मिळते. म्हणून कोडमध्ये यंत्राचा अनुक्रमांक असावा आणि त्यावरून सर्व्हरने योग्य आवृत्ती व भाषा निवडावी. भाषा निवडायला देशांचे झेंडे ठेवू नयेत. फ्रेंच बोलणाऱ्या बेल्जियन कामगाराने कोणता झेंडा दाबायचा?