पट्टा पडेपर्यंत आज्जीपाशी

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगररांगेतली गावं ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी. शेजारच्या अहिल्यानगर (आधीच्या नगर) जिल्ह्यात पाथर्डी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, चूल, ज्वारीची पोती, कोंबड्या चढतात आणि दिवाळीपर्यंत निम्म्या घरांना कुलपं लागतात. गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. "आज्जी हाय की" एवढ्या तीन शब्दांवर पुढचे पाच-सहा महिने, पट्टा पडेपर्यंत म्हणजे उसाचा हंगाम संपेपर्यंत, सोपवलेले असतात.

हे असंच चालत आलंय, असं आपण धरून चालतो. दुधापेक्षा दुधावरची साय प्रिय, ही म्हण तर तोंडात असतेच. पण ऊसतोड्यांच्या घरात नातवंडं आजीपाशी ठेवून जाण्याची रीत तशी अलीकडची आहे.

लोणीला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्राच्या बागायती पट्ट्यात कारखाने उभे राहत गेले. ऊस तोडला की लवकरात लवकर गाळावा लागतो, नाहीतर साखरेचा उतारा घटतो. म्हणून थोड्या महिन्यांसाठी, मिळेल त्या वेळी राबणारी माणसं हवी होती. ती कोरडवाहू भागात होती. 1972 च्या दुष्काळाने ही वाट रुंद केली. मजूर गोळा करणारा मुकादम पावसाळ्यात उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती कामातून फेडायची, आणि मोजणी होते ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकाने खाडा केला तर दोघांच्या हिशेबाला फटका बसतो.

सगळं मूळ या मोजमापात आहे. कोयता जोडीचा असल्यामुळे आईला मागे राहताच येत नाही. इतर स्थलांतरांत बाप शहरात जातो आणि आई घर धरून राहते. इथे दोघंही एकाच दिवशी जातात. जोडी लागते म्हणून पोरींची लग्नंही लवकर उरकतात, आणि म्हणून इथली आजीसुद्धा बहुतेक वेळा पन्नाशीचीच असते.

सुरुवातीची कितीतरी वर्षं पोरं बरोबरच जायची. पहाटे अंधारात तोडीला निघायचं, तान्ह्याला उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, सावलीत झोळीत टाकायचं, सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीने त्याला सांभाळायचं. सगळ्यांचं राहणं कारखान्याच्या आवारात नाहीतर फडाजवळ (तोडीच्या उसाच्या शेताजवळ), पाचटाच्या कोपीत म्हणजे झोपडीत. हात चालणारी म्हातारीही भाकरी थापायला सोबत असायची. आज जी आजी नातवाला सांभाळत गावात बसली आहे, ती स्वतः 1980 च्या दशकात नवी नवरी म्हणून फडावर गेलेली. तिने तिची लेकरं झोळीत वाढवली. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत एका घरात, एका चुलीपाशी पोर सांभाळण्याची ही तिची पहिलीच वेळ. लेकरांना जे देता आलं नाही ते नातवंडांना देताना तिचा जीव किती गुंततो, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पोरं मागे राहायला लागली ती शाळेमुळे. आधी कारखान्यांवर तोडकऱ्यांच्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलायची आणि शाळा मागे पडायची. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि सहा ते चौदा वयाची मुलं गावातच थांबवण्यावर भर आला. त्यासाठी हंगामी वसतिगृहं आली. अनेक गावांत वसतिगृह म्हणजे शाळेत दोन वेळचं जेवण. रात्री पोर आजीच्याच गोधडीत. 2021 मध्ये सरकारने 41 तालुक्यांसाठी, मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी 82 वसतिगृहं मंजूर केली. त्यांची गरज आहे. तरी सात वर्षांच्या पोराला रात्री ताप भरला की उशाशी कोण बसतं, हा प्रश्न इमारतीने सुटत नाही.

लळा कसा लागतो आणि तुटल्यावर काय होतं, याचा अभ्यास, इथे कारखाने उभे राहत होते साधारण त्याच काळात, परदेशात सुरू होता. जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाचा जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला अहवाल 1951 चा, म्हणजे प्रवरेच्या पहिल्या गाळपाच्या वेळचा. जेम्स रॉबर्टसन या सहकाऱ्यासोबत त्यांनी आईपासून तुटलेल्या लहान मुलांच्या तीन अवस्था मांडल्या: आधी आक्रोश, मग खचून जाणं, मग अलिप्तपणा. आमच्याकडे पहिले आठ दिवस पोर रडतं, मग गप होतं आणि शेजारीपाजारी म्हणतात, "रमलं बघा." रमलेलं पोर हट्ट करतं, खोड्या काढतं, भाकरीवर तूप मागतं. काहीच न मागणारं पोर रमलेलं नसतं. हा फरक आजीला कळला तर पुष्कळ काही वाचतं.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1954-55 मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांत, घरोघर जाऊन आया आणि तान्ही मुलं पाहिली. मुलाच्या हाकेला ओ देणारं माणूस जवळ असलं की मूल त्याला धरून जग पाहायला निघतं, आणि असं माणूस आईच असावं लागतं असं नाही, हे त्या कामातून पुढे आलं. आजीच्या बाजूने याहून मोठी साक्ष कोणती?

विश्वास मोडतो तो मात्र बहुधा निघण्याच्या रात्री. पोर रडेल म्हणून ते झोपेत असताना निघून जायचं, ही जुनी सवय. सकाळी उठून पाहतं तर अंथरूण रिकामं. त्यानंतर कितीतरी रात्री ते आजीचा पदर मुठीत धरून झोपतं, कारण झोपलं की माणसं जातात हे त्याला कळलेलं असतं. रडू देत, पण ट्रॉली हलताना पोराला आजीच्या कडेवरून हात हलवू द्यावा, असं माझं ठाम मत आहे. "उद्या येतील" हेही सांगू नये. शहाण्या आज्या सणांवर मोजतात: संक्रांत झाली, शिवरात्र झाली, आता होळी, मग पाडवा. शिवाय आजीपाशी एक गोष्ट अशी आहे जी दुसऱ्या कुणाजवळ नाही. तिने फड पाहिलाय. "आता तुझी आई मोळी बांधत असंल, आता गाडी भरून वजनकाट्यावर गेली असंल," हे ती खात्रीने सांगू शकते. पोराच्या डोळ्यांपुढे आई कुठेतरी असते, नाहीशी झालेली नसते.

2020 मध्ये ही मोजणी चुकली. पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. हजारो तोडकरी कारखान्यांच्या आवारात अडकले. एप्रिलच्या मध्यानंतर आरोग्य तपासणी करून त्यांना परतायची परवानगी मिळाली. गावात आल्यावरही विलगीकरणात, शेतात नाहीतर शाळेत राहावं लागलं. पाडव्याचा शब्द दिलेल्या आज्यांनी ते आठवडे कसे काढले असतील! आई दिसते, पण जवळ जाता येत नाही, हे पोराला समजावणं त्यांच्याच वाट्याला आलं.

उचलीच्या हिशेबात आजीचा रकाना नाही. 65 वर्षं पूर्ण झाली तर श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात, ते म्हातारपणाचे. पन्नाशीतल्या आजीला तेही नाहीत.

पट्टा पडतो, ट्रॉल्या परततात. लहानगं पोर आईला पाहून आजीच्या मागे लपतं आणि आईच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. आजी त्याला पुढे ढकलत नाही. ती सुनेच्या हातात ताटली देते, "तू भरव, मी बसते इथंच." दोन घास आईच्या हातचे, एक आजीच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोर रात्री आपलं पांघरूण उचलून आईकडे जातं. जाता जाता विचारतं, "आज्जी, तू इथंच हायस ना?"